मार्कर लेट मागत नाही

‘नो लेट,’ मी म्हणालो.

खाली कोर्टात प्रणित साळवे रॅकेट खांद्यामागे तशीच उगारून उभा होता. त्याने न मारलेला बॉल दुसरा टप्पा खाऊन कोपऱ्यात जाऊन पडला होता. त्याच्यापुढे दोन हातांवर अर्जन बावा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि या प्रकरणाशी आपला काडीचा संबंध नाही अशा चेहऱ्याने समोरच्या भिंतीकडे बघत होता.

प्रणितने मागच्या काचेतून वर माझ्या खुर्चीकडे पाहिलं. ‘सर, मारला असता तर त्याला लागला असता.’

‘वळायची गरज नव्हती. सरळ खेळता आला असता.’

‘पण सर, तो तिथेच...’

‘खेळायला आलायस ना? मग खेळ.’

गॅलरीतले लोक हसले. मला ते हसणं आवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला स्वतःबद्दल बरंच काही सांगायचं आहे आणि त्यातलं हे सगळ्यात सोपं आहे.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. ज्यांनी स्क्वॉश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार भिंतींची खोली, आत दोन माणसं, दोन रॅकेटी आणि एक छोटा काळा रबरी बॉल. टेनिससारखी मध्ये जाळी नाही. दोघंही एकाच समोरच्या भिंतीवर आळीपाळीने मारतात, त्यामुळे कोणी ना कोणी कोणाच्या तरी वाटेत येतंच. मारणाऱ्याला वाटलं की समोरच्याला लागेल, तर त्याने रॅकेट थांबवायची आणि ‘लेट प्लीज’ म्हणायचं. पंचाने ‘लेट’ दिला तर तो पॉइंट पुन्हा खेळतात. ‘नो लेट’ म्हटलं तर थांबणारा पॉइंट हरतो. म्हणजे दोन माणसांचे डोळे, दात आणि जबडे शाबूत ठेवायचं काम शेवटी वर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दोन शब्दांवर येतं.

तो माणूस मी. अनंत फणसळकर, धंद्याने दिवाणी वकील, शनिवार-रविवारी पंच. नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि ते तोंडपाठ आहे हे चारचौघांत कळावं अशी माझी व्यवस्थाही असे. खेळाडू माझ्या मागे मला ‘नो-लेट फणसळकर’ म्हणत. कोणीतरी ते माझ्या कानावर घातलं, तेव्हा मी रागावल्यासारखं केलं आणि घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

त्या आठवड्यात तर मला वरूनच बळ मिळालं होतं. स्पर्धा पुण्यात, कॅम्पातल्या आमच्या क्लबात होती. स्पर्धेचे प्रमुख कर्नल भंडारे यांनी पहिल्याच दिवशी आम्हा पंचांना चहाला बोलावून सांगितलं होतं, ‘दर दोन मिनिटांनी लेट, लेट, लेट. लोक जांभया देतात. उद्या टीव्हीवाल्यांना कसं आणायचं? जरा कडक राहा.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, आता बघाच.

ही सेमीफायनल होती. दोघांनी दोन-दोन गेम जिंकलेले, पाचवा चालू. भारतीय संघात एकच जागा उरली होती आणि या दोघांपैकी जो जिंकेल तो त्या संघात जाणार, हे निवड समितीने जवळजवळ जाहीरच केलं होतं. चंदीगडच्या बावाला ती जागा हवी होती. प्रणितला तिची गरज होती, हा फरक होता. संघात आला तर एका तेल कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून त्याला कायमची नोकरी मिळायची होती. पत्र तयार आहे, फक्त नाव लिहायचं आहे, असं क्लबात सगळे म्हणत. त्याच्या घरात कायमची नोकरी अशी एकच होती आणि ती म्हणजे त्याच्या वडिलांची.

त्याचे वडील लहू साळवे. आमच्या क्लबाचे मार्कर. मार्कर म्हणजे कोर्टाची देखभाल करणारा, रॅकेटींना तार ओढणारा, मेंबरांच्या पोरांना खेळ शिकवणारा आणि मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळून बेताने हरणारा माणूस. ‘बेताने’ हा शब्द महत्त्वाचा. फार सहज हरलं तर साहेबाला अपमान वाटतो आणि जिंकलं तर त्याहून जास्त. लहूला हे इतकं साधलं होतं की आमच्या क्लबातले निम्मे मेंबर स्वतःला मोठे खेळाडू समजून म्हातारे झाले.

आणि मार्कर लेट मागत नाही. हा कोणत्याही पुस्तकातला नियम नव्हे, पण क्लबाच्या मागच्या क्वार्टर्समध्ये तो पुस्तकातल्यांपेक्षा पक्का होता. साहेब वाटेत आला तर रॅकेट थांबवायची, पॉइंट सोडून द्यायचा आणि बॉल उचलून साहेबाच्या हातात द्यायचा. साहेबाला बॉल लागता कामा नये. उलट झालं तर आपण वाटेत आलो म्हणायचं.

लहूने पोराला शिकवलं ते याच कोर्टात, दुपारी मेंबर जेवून झोपलेले असत तेव्हा. एकदा मी तिथे विसरलेली किल्ली न्यायला गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा प्रणित मोठ्ठा चष्मा लावून मागच्या कोपऱ्यात उभा होता. लहू बॉल असा टाकत होता की तो मागच्या भिंतीला लागून पोराच्या पाठीमागून फिरून यावा. पोराने बॉलबरोबर गर्रकन वळायचं आणि पूर्ण जोराने रॅकेट आणायची. बॉलच्या वाटेत लहू स्वतः उभा राहत होता. आणि रॅकेट बॉलला लागायच्या आत म्हणत होता, ‘थांब.’

पोरगं थांबत होतं. दहातल्या दहा वेळा.

‘अरे, मारायला शिकव की त्याला,’ मी वरून म्हणालो होतो.

‘मारायला काय साहेब, कुणालाबी येतं,’ लहू म्हणाला. ‘थांबायला शिकवावं लागतं. टेनिसचा बॉल मोठा, हाडावर अडतो. हा बारका. डोळ्याच्या खोबणीत नेमका बसतो.’

त्याला ते माहीत असायचं कारण होतं. लहूच्या उजव्या डोळ्याची बाहुली कायम मोठी राहिलेली होती. उन्हात आला की तो डोळा तो मिटून घेत असे. तरुणपणी क्लबातल्या एका पोराचा बॉल लागला होता, असं सगळे सांगत.

तर पाचवा गेम. तो तिसरा नो लेट होता. पहिला तिसऱ्या गेममध्ये, दुसरा चौथ्यात, हा तिसरा. तिन्ही वेळा एकच घडलं होतं. बावाचा खोल मारलेला बॉल मागच्या भिंतीला लागून फिरायचा, प्रणित त्याच्याबरोबर वळायचा आणि बघायचा तो बावा बरोबर मध्ये. बावा काही दुष्ट नव्हता. त्याला कुठे उभं राहायचं ते कळत होतं, एवढंच. नियम सांगतो की वळलेला खेळाडू समोरच्याला लागेल म्हणून थांबला तर त्याला लेट द्या. पण नियम असंही सांगतो की लेट उकळण्यासाठीच कोणी विनाकारण वळला असेल तर देऊ नका. कोणता कशासाठी वळला हे पंचाने ठरवायचं. आणि प्रणितची एक खोड होती. रॅकेट थांबवल्यावर तो लगेच मागत नसे. क्षणभर गप्प उभा राही, जणू मागू की नको असं कोणाला तरी विचारतोय, आणि मग हळूच ‘लेट प्लीज’ म्हणे. मी ठरवलं, ज्याला खरोखर भीती वाटते तो ओरडून मागतो. हा हिशेब करून मागतोय.

ती खोड कुठून आली हे त्या क्लबात सगळ्यांत जास्त मला ठाऊक असायला हवं होतं.

‘आठ-सात, बावा,’ मी पुकारलं.

पुढच्या पॉइंटला प्रणितने बावाला चारही कोपऱ्यांत पळवून दमवलं आणि घेतला. आठ-आठ. मग बावा पडला, जमिनीवर घामाचा पट्टा उमटला आणि मी खेळ थांबवून फडकं मागवलं. लहू आत आला. पंचावन्न वर्षांचा, क्लबाचा निळा शर्ट घातलेला. मुलगा आयुष्याचा सामना खेळत होता आणि बाप त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसून दुसऱ्याचा घाम पुसत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. कामावर असताना पाहायचं नाही, असं असावं.

बाहेर जाताना तो माझ्या खुर्चीखाली थांबला. मॅच चालू असताना लहू पंचाशी कधी बोललेला मला आठवत नाही. तो मान वर न करता म्हणाला, ‘साहेब, बॉल लई तापलाय.’

‘मग?’

‘मागच्या भिंतीवरनं लांब येतोय. सारखं वळावं लागंल आता.’

‘ठीक आहे. दार लाव.’

त्याने दार लावलं.

मार्करला मागता येत नाही, म्हणून त्याने बॉलचं नाव घेतलं होतं. मी वकील, लोकांच्या एकेका शब्दातून अर्थ काढून पोट भरणारा, आणि मला एवढं कळू नये. की कळलं होतं? आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

नऊ-आठ प्रणित. नऊ-नऊ. दोघांच्या धापा काचेबाहेर ऐकू येत होत्या. निवड समितीचे गृहस्थ खुर्चीच्या टोकावर आले होते. बावाने सर्व्हिस केली, वीस-बावीस फटके झाले, आणि मग तोच बॉल. खोल, उजव्या भिंतीला चाटून मागच्या भिंतीवर. तापलेला असल्याने तिथून उसळून तो प्रणितच्या पाठीमागून फिरला. प्रणित वळला. बावा मध्ये.

मी तोंडात शब्द तयार ठेवला होता. नो लेट. मी बॉल बघतच नव्हतो, प्रणित थांबण्याची वाट बघत होतो. बावाही तीच बघत असावा, कारण त्याने निवांत मागे वळून पाहिलं. तीन वेळा थांबलेला माणूस चौथ्यांदाही थांबणार, याची त्याला खात्री होती.

प्रणितने रॅकेट पूर्ण आणली.

आवाज फार झाला नाही. बावा खाली बसला, दोन्ही तळहात डाव्या डोळ्यावर. ओरडला नाही. त्याचा श्वास तेवढा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बॉल त्याच्या पायाशी गोल फिरत राहिला.

सगळ्यांच्या आधी आत शिरला तो लहू. फडकं टाकून त्याने बावाची मनगटं धरली.

‘चोळू नका साहेब. डोळा चोळू नका. मान सरळ. आडवं पडायचं नाही. बघायचा प्रयत्न करू नका, बंद राहू द्या. मी हाय इथं.’

आणि बावा, ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, त्याने ऐकलं. त्याने हात सोडले आणि लहूच्या खांद्याला डोकं टेकलं.

प्रणित भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने रॅकेट जमिनीवर ठेवली, नीट, दोन हातांनी. मग वर पाहिलं. माझ्याकडेच. मी नजर चुकवली आणि नियमाचा आधार घेतला. धोकादायक खेळामुळे समोरचा जखमी झाला तर मॅच जखमी खेळाडूला जाते.

‘मॅच बावा,’ मी म्हणालो. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला.

संध्याकाळी इस्पितळातून कळलं, डोळ्यात पुढच्या भागात रक्त साकळलंय, पण मागचा पडदा शाबूत आहे. दृष्टी किती राहील ते पंधरा दिवसांनी सांगू. मी क्लबाच्या वाचनालयात बसून अहवाल लिहिला. सुरेख अहवाल होता. ‘खेळाडू साळवे यास तीन वेळा नियमानुसार समज दिली असताही त्याने प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करता...’ अशी वाक्यं मला झोपेतही येतात. ‘खेळायला आलायस ना? मग खेळ,’ हे वाक्य त्यात नव्हतं. गैरलागू म्हणून मी ते घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्त्यांच्या खोलीत चौकशी झाली. हिरव्या टेबलाच्या एका बाजूला कर्नल भंडारे आणि समितीचे दोघं, कडेला मी, समोर प्रणित. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. लहू पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि ते ठेवून दाराशी उभा राहिला. त्याला जा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षांत तो दाराशी असणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

‘आरोप धोकादायक खेळाचा आहे,’ कर्नल म्हणाले. ‘सिद्ध झाला तर एक वर्ष बंदी. तुला माहीत आहे त्याचा अर्थ काय ते.’

‘हो सर.’

‘संघ गेला. कंपनीवाले बंदी असलेल्या माणसाला घेत नाहीत.’

‘हो सर.’

‘तुझं काय म्हणणं आहे?’

प्रणितचा तोच क्षणभराचा थांबा, मागू की नको असा. मी वाट बघत होतो की आता तो माझं नाव घेईल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, तीन, क्रमवार.

‘माझीच चूक, साहेब,’ तो म्हणाला. ‘मी थांबायला पाहिजे होतं.’

माझ्या तिन्ही उत्तरांची गरजच उरली नाही.

तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, देशातल्या पहिल्या दहांतला खेळाडू, काल दिवसभर सगळ्यांना ‘सर’ म्हणत होता, आणि त्या खोलीत उभा राहिल्यावर त्याच्या तोंडून ‘साहेब’ आलं. तेच शब्द, तोच स्वर. मी ते याआधी ऐकले होते. याच इमारतीत, सत्तावीस वर्षांपूर्वी.

ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, आता काढतो बाहेर. क्लबातल्या ज्या पोराचा बॉल लहूला लागला होता, तो मी.

सतरा वर्षांचा होतो. बारावीचा निकाल लागला होता, नवी रॅकेट मिळाली होती. मी वळलो. लहू कुठे आहे ते मला दिसत होतं. तो कडेला सरकून भिंतीला चिकटला होता, मला पूर्ण मोकळी वाट देऊन. बॉल मला चुकीच्या ठिकाणी लागला आणि वाकडा गेला. थांबायला मला सवड होती. पण मार्करसाठी थांबायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

माझे वडील तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी होते. लहू त्यांच्या टेबलापुढे डोळ्यावर ओला रुमाल धरून उभा होता आणि म्हणाला, ‘माझीच चूक, साहेब. मी वाटेत आलो.’ वडिलांनी अपघाताच्या रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

‘कोर्टात दोघंच होतात ना? मग साक्षीदार तूच. कर सही.’

मी केली. माझी ती पहिली कायदेशीर सही. अक्षर छान आलं म्हणून मला आनंद झाल्याचंही आठवतं.

‘मुलाने कबूल केलंय,’ कर्नल माझ्याकडे वळून म्हणाले. ‘तुझा अहवाल दे, फणसळकर. दोन मिनिटांचं काम.’

अहवाल माझ्या खिशात होता. मी दाराकडे पाहिलं. लहू जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. आपल्या घरात हे असंच होतं, एवढंच होतं. त्या ‘काहीच नाही’ची मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढेमागे कशाचीच वाटली नाही.

‘मला एक कोरा कागद द्या,’ मी म्हणालो.

‘लिहिलायस ना काल?’

‘तो चुकीचा आहे.’

मी तिथेच बसून लिहिलं. या वेळी अक्षर छान आलं नाही. खेळाडू तीन वेळा प्रतिस्पर्ध्याला वाचवण्यासाठी थांबला. तिन्ही वेळा त्याला लेट देणं पंचाचं कर्तव्य होतं. पंचाने तिन्ही वेळा पॉइंट काढून घेतला आणि सगळ्यांदेखत त्याला मारायला सांगितलं. चौथ्यांदा खेळाडूने पंचाचं ऐकलं. पंचाचे शब्द पुढीलप्रमाणे. मग ते शब्द. मग सही.

कर्नलांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. ‘तो कबूल करतोय. कोणी तुझ्याकडे बोट दाखवलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?’

‘चोर सोडून संन्याशाला सुळी देता येणार नाही, कर्नल.’

‘हे वर गेलं तर तुझा पंचाचा बॅज जाईल.’

‘जाऊ दे.’

‘लेट कमी करा असं मी म्हणालो होतो, तेही लिहिणार आहेस?’

‘नाही. तुम्ही कमी करा म्हणालात. कोणते, ते मी ठरवलं.’

बॅज गेला. दोन महिन्यांनी आभाराचं पत्र आलं आणि त्यानंतर मी त्या खुर्चीत बसलो नाही. प्रणितला बंदीऐवजी लेखी ताकीद मिळाली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. बावा चार महिने खेळू शकला नाही, प्रणितची मॅच तर गेलेलीच होती, त्यामुळे संघातली जागा तिसऱ्यालाच मिळाली. तेल कंपनीचं पत्र दीड वर्ष लांबलं, पण आलं. बावाचा डोळा जवळजवळ पहिल्यासारखा झाला. पुढे तो संरक्षक चष्मा लावून खेळू लागला, आणि एका मुलाखतीत त्याने त्या मार्करबद्दल सांगितलं, ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

त्या सकाळची एक गोष्ट उरली.

चौकशी संपल्यावर मी खाली कोर्टावर गेलो. दुपारी मुलींची फायनल होती आणि लहू एकटाच आत जमीन पुसत होता. बूट काढून मी आत गेलो. किती वर्षांनी गेलो असेन कोण जाणे. ज्या भिंतीला तो तेव्हा चिकटला होता, तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर वाक्य चांगलं जुळवलं होतं, आत त्याचे तुकडे झाले.

‘लहू,’ मी म्हणालो, ‘त्या दिवशी... मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा. तू वाटेत नव्हतास.’

त्याने फडकं पिळलं. बादलीत पाणी पडलं.

‘ठाऊक हाय मला,’ तो म्हणाला. ‘उभा मीच व्हतो की तिथं.’

‘मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला का नाहीस?’

तो माझ्याकडे बघू लागला. वरचे दिवे लागलेले होते, त्यामुळे उजवा डोळा त्याने मिटून घेतला होता.

‘खाली तुमची सही व्हती ना, साहेब,’ तो म्हणाला.